म्हाइंभट : ऐकणाऱ्या लेखकाची गोष्ट

लेखनकलेविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे त्यात प्रतिभेचा विचार फार आणि कानाचा विचार फार थोडा. काव्यशास्त्रकारांनी प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास अशी काव्यहेतूंची त्रयी सांगितली. तिचे विवरण आम्ही बी. ए.च्या वर्गात पाठ केले आणि पुढे शिक्षक झाल्यावर विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतले. परंतु दुसऱ्याचे बोलणे पुरतेपणी ऐकून घेणे आणि ते त्याचेच राहील अशा रीतीने कागदावर उतरवणे, हाही लेखकाचा गुण आहे व तो कष्टाने साधावा लागतो, असे त्या विवरणात कोठे आलेले मला आठवत नाही. मराठी गद्याचा आरंभ मात्र नेमका याच गुणापासून झाला आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले. या दोन्ही निमित्तांनी लीळाचरित्राचे नाव सभासमारंभांतून पुष्कळ ऐकू आले. ऐकून आनंद झाला. पण बहुतेक ठिकाणी त्या ग्रंथाचे वयच तेवढे सांगितले गेले. एखाद्या वडीलधाऱ्याला व्यासपीठावर बसवावे, त्याला हार घालावा आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता निघून यावे, तसा हा प्रकार झाला. तो ग्रंथ कसा लिहिला गेला, लिहिणाऱ्याने काय केले आणि काय करण्याचे टाळले, हे शिक्षकांना आणि लिहू पाहणाऱ्यांना अधिक उपयोगी आहे. मी म्हाइंभटांकडे वळलो तो संशोधक म्हणून नव्हे. माझ्या स्वतःच्या एका फसलेल्या लेखनामुळे वळलो. ती हकीकत ओघाने पुढे येईलच.

लालबर्ऱ्यासारख्या गावातून असा विषय कोणी काढावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमचा बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे भाग जोडून तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आम्ही नव्या मध्यप्रदेशात राहिलो. परंतु वैनगंगेला ही पुनर्रचना कोणी कळवलेली नाही. ती आमच्या जिल्ह्यातून वाहत भंडाऱ्याला जाते तशीच आजही जाते. रतनपूरच्या कलचुरी राजाच्या १११४च्या शिलालेखात लांजिका आणि भाणारा ही दोन्ही मांडलिक स्थाने एकत्र येतात. त्यांतील लांजी आज आमच्या जिल्ह्यात आहे आणि भंडारा महाराष्ट्रात. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मधील मानल्या जाणाऱ्या विवेकसिंधूत वैन्यागंगेचा निर्देश आहे. त्यावरून विदर्भातील अभ्यासक मुकुंदराजांचे स्थान वैनगंगेकाठचे आंभोरे मानतात. आंबेजोगाईचा पक्ष अर्थातच वेगळा आहे, आणि तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. श्रीचक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या काळात त्यांना भेटलेला निळभट्ट हा तर भांडारेकार म्हणूनच ओळखला जातो. तात्पर्य, मराठीच्या पहिल्या पानांचा वारा या नदीकाठाला लागलेला आहे. रिद्धपूर आम्हांला परके नाही.

आता म्हाइंभटांविषयी. हे गोदावरीकाठच्या सराळे गावचे विद्वान ब्राह्मण. संपन्न घर, शास्त्रांचे अध्ययन आणि वादविवादात कोणाला हार न जाण्याची ईर्षा, अशी त्यांची पूर्वायुष्यातील ओळख आहे. आपल्यापुढे सर्व जग अज्ञानाच्या अंधारात आहे, हे दाखवण्यासाठी ते भर दिवसा दिवटी पाजळून हिंडत, असे महानुभाव परंपरा सांगते. हा मनुष्य चक्रधरांशी वाद करावयास आला आणि त्यांचा अनुयायी झाला. ही कथा आपल्याला माहीत असते. पण ती आपल्याला कोणी सांगितली याचा विचार आपण सहसा करीत नाही. म्हाइंभटांच्या गर्वहरणाचा प्रसंग म्हाइंभटांनीच लिहिलेल्या ग्रंथात आहे. तेथे ते स्वतःचा उल्लेख इतरांसारखाच तृतीय पुरुषात करतात. स्वतःच्या बाजूने एखादे वाक्य जास्त घालण्याची सोय हातात असताना त्यांनी ती वापरली नाही. आत्मचरित्रे वाचण्याचा ज्यांना सराव आहे त्यांना यातील अवघडपण सांगावयास नको.

चक्रधरांच्या उत्तरापंथाच्या प्रयाणानंतर, म्हणजे सामान्यतः शके ११९६ (इ. स. १२७४) नंतर, त्यांचे शिष्य नागदेवाचार्यांच्या भोवती गोळा झाले आणि रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. रिद्धपूर हे आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले गाव. नागदेवाचार्य, ज्यांना पंथात भटोबास म्हणतात, तेथे स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत बसत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि त्यांच्या मनात आले की हे स्मरण लिहून ठेवले पाहिजे. आज ज्यांच्या आठवणीत हे आहे, ते उद्या नसतील. रिद्धपूरच्या वाजेश्वरी येथे बसून त्यांनी भटोबासांना विचारले आणि लिहिले. येथवर त्यांची कामगिरी एखाद्या निष्ठावंत लेखनिकाची आहे. ज्ञानेश्वरीच्या लेखनाच्या संदर्भात सच्चिदानंदबाबांचे नाव आपण ज्या अर्थाने घेतो, त्याच अर्थाने म्हाइंभटांचेही घेता आले असते. पण पुढची पायरी वेगळी आहे. भटोबास अखेरच्या काळातले शिष्य. ते येण्यापूर्वीची वर्षे त्यांनी पाहिलेली नव्हती. जे आपण पाहिले तेवढेच त्यांनी सांगितले आणि बाकीच्यासाठी, ज्यांनी पाहिले त्यांना जाऊन विचारा, अशी वाट दाखवली.

म्हाइंभट गेले. ज्याच्या घरी स्वामी उतरले होते तो, जिने जेवू घातले ती, ज्याच्या देखत एखादा शब्द उच्चारला गेला तो, अशी माणसे शोधत ते गावोगाव हिंडले. तेराव्या शतकातील प्रवास डोळ्यांपुढे आणावा. ज्याने दिवटी घेऊन विद्वानांना आव्हान दिले होते, तो आता शेतकऱ्याच्या आणि विधवेच्या ओसरीवर बसून त्यांना आठवेल तेव्हा आठवेल म्हणून वाट पाहत होता. ही वाट पाहणे म्हणजे लेखनच होय, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपण मात्र लेखणी हातात घेतल्याच्या क्षणापासून लेखनाचा काळ मोजतो. जमलेल्या लीळा भटोबासांना दाखवून त्यांनी शोधून घेतल्या आणि सुमारे शके १२००, म्हणजे इ. स. १२७८च्या आगेमागे हा ग्रंथ सिद्ध झाला. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग आहेत. गोविंदप्रभूंच्या निर्वाणानंतर म्हाइंभटांनी त्यांचेही चरित्र अशाच पद्धतीने लिहिले, तेच रिद्धिपूरचरित्र. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली प्रसिद्ध केले आहे.

लीळाचरित्राची वाक्ये लहान आहेत. स्थळ आधी येते, मग माणसे, मग बोलणे. कोण कोठे बसले होते, कोणी काय आणले, कोणी काय विचारले, एवढे सांगून लीळा पुष्कळदा थांबते. प्रसंगाचे तात्पर्य लेखक सांगत नाही. ज्यांना सिद्धांत हवा होता त्यांच्यासाठी तो पुढे केशोबासांनी सूत्रपाठात निवडून काढला आणि दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत वेगळे रचले. म्हाइंभटांनी मात्र सूत्रे आणि दाणागोटा एकाच पंक्तीला बसवला. खाण्याचे पदार्थ, वस्त्रे, नाणी, देवळांच्या ओवऱ्या, प्रवासातील मुक्काम, घरातील रुसवेफुगवे हे सर्व त्यात आले, आणि म्हणूनच यादवकालीन महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला या ग्रंथाचे दार ठोठवावे लागते. पंथाच्याच लोकांनी चक्रधरांच्या पदस्पर्शाने पावन झालेली स्थळे नोंदण्यासाठी पुढे स्थानपोथी रचली. आजही कोणी ती हातात घेऊन एखादे जुने देऊळ शोधू शकतो. बारीकसारीक गोष्टींना क्षुल्लक न मानण्याचे हे फळ आहे. आमच्या शाळांतून निबंधात मुलाने गावच्या बाजारातील भाव लिहिला की आपण त्याला विषयांतर म्हणून खूण करतो. मीही अनेक वर्षे केली.

माणसांच्या बोलण्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. बाइसा वेगळ्या बोलतात, महदाइसा वेगळ्या. महदाइसांची प्रश्न विचारण्याची चिकाटी तर वाचकाच्या लक्षात राहतेच. याच महदाइसा, म्हणजे महदंबा, धवळ्यांच्या कर्त्या आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून सर्वांना माहीत आहेत. संस्कृतात वाढलेल्या पंडिताने या स्त्रियांचे बोलणे आपल्या भाषेत बसवले असते तर त्या काळी कोणी दोष दिला नसता, उलट ग्रंथाची प्रतिष्ठा वाढली असती. बॉस्वेलने १७९१ साली जॉन्सनचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यातील संभाषणांच्या जिवंतपणाबद्दल इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पण बॉस्वेलच्या पानापानांवर बॉस्वेल आहे. जॉन्सनला बोलते करण्यासाठी तो प्रश्न योजतो, स्वतःची फजिती झाली तरी तीही रंगवून सांगतो. म्हाइंभट त्याच्या पाचशे वर्षे आधी झाले आणि कोठेही पुढे आले नाहीत. मला म्हाइंभटांची रीत अधिक कठीण वाटते. दोघांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न मी बाजूस ठेवतो.

भाषेचा निर्णय या मंडळींनी जाणूनबुजून घेतला होता. स्मृतिस्थळात याचा पुरावा आहे. केशोबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा भटोबासांनी त्यांना अडवले, आणि कारण दिले ते असे की, असे केल्यास आपल्यातील म्हाताऱ्या स्त्रिया या ज्ञानाला मुकतील. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रसंगाचा गौरव नेहमी होतो. त्यातील एक अंग मात्र निसटते. भटोबासांनी लोकभाषेचा अभिमान सांगितला नाही. त्यांनी वाचक कोण, किंवा त्या काळाला धरून बोलायचे तर श्रोता कोण, हे विचारले. म्हातारी समोर बसली आहे असे धरून लिहा, एवढीच ती सूचना होती. तीतून मराठी गद्य जन्माला आले. ज्या वृद्धांकडून म्हाइंभटांनी लीळा मिळवल्या त्यांच्याच वयाच्या माणसांपुढे त्या वाचल्या जावयाच्या होत्या. तेव्हा एखादा शब्द खोटा पडला असता, तर तो तेथल्या तेथे ध्यानात आला असता. आमच्या लेखनाला अशी परीक्षा नाही. आम्ही ज्यांच्याविषयी लिहितो त्यांनी ते वाचण्याचा संभव फार थोडा असतो.

पुढील काळ पंथाला कठीण गेला. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली. सामान्यतः लेखकाच्या दृष्टीने ही अखेरच म्हटली पाहिजे. येथे तसे घडले नाही. ज्यांनी त्या लीळा ऐकल्या होत्या, पाठ केल्या होत्या, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यांत हिराइसा होत्या, परशरामबास होते, रामेश्वरबास होते. सर्वांच्या आठवणी अक्षरशः जुळणे शक्य नव्हते. मग त्यांनी काय केले? एकाचा पाठ खरा ठरवून बाकीचे टाकले नाहीत. अमक्याच्या आठवणीत असे आहे, तमक्याच्या आठवणीत तसे, हे त्या त्या ठिकाणीच नोंदवले. पोथ्यांतून ‘शोधु’ हा शब्द घालून अशी भिन्न वचने दिलेली आढळतात. आधुनिक पाठचिकित्सेचे नियम माहीत नसलेल्या माणसांनी केलेली ही गोष्ट आहे. हा प्रामाणिकपणा त्यांना कोणी शिकवला असेल, तर ज्याने ग्रंथच साक्षीदारांना विचारून लिहिला होता, त्यानेच शिकवला असला पाहिजे, असा माझा तर्क आहे.

याच ग्रंथपरंपरेने पुढे आपली पुस्तके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केली, हे मराठी वाचकाच्या दृष्टीने दुर्दैव होय. संकटकाळी पवित्र ग्रंथ जपण्याची त्यामागील धडपड समजू शकते. त्या लिपीमुळे पोथ्या टिकल्या, आणि महानुभाव मठांबरोबर पंजाबापर्यंत गेल्या. तेथील जयकृष्णी अनुयायांनी मराठी ग्रंथ मराठीतच जपले, ही गोष्ट आम्हां सीमेबाहेरच्या मराठी माणसांना विशेष धीर देणारी आहे. परंतु म्हाताऱ्यांना कळावे म्हणून जी भाषा निवडली, तीच भाषा शतकानुशतके इतर मराठी माणसांना वाचता येऊ नये, ही त्याची किंमत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे यांनी आणि यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाची ओळख मराठी वाचकांना करून दिली. देशपांड्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली निघाले. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६पासून लीळाचरित्राचे भाग छापण्यास आरंभ केला. पुढे शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती आली, आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांची. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले कोलते १९६७च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, याचा मध्यप्रदेशातील मराठी माणसास विसर पडू नये. नेने, देशपांडे, कोलते ही माणसे मठामठांतून पोथ्यांसाठी हिंडली, आर्जवे केली, नकार ऐकले. म्हाइंभटांचा प्रवास, म्हणाल तर, त्यांनी पुन्हा एकदा केला.

आता माझी हकीकत. लालबर्ऱ्याच्या आसपास अजूनही प्रत्येक गावाला एखादा तलाव किंवा बोडी असते. आमचा धानाचा मुलूख तिच्यावर जगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मनात आले की तलावांविषयीच्या जुन्या माणसांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. जवळच्या एका खेड्यातील ऐंशीच्या घरातील एका आजींकडे मी गेलो. त्यांच्या तरुणपणी एका रात्री तलावाची पाळ फुटू लागली, आणि गावातील बायामाणसांनी मातीची टोपली, धानाचा पेंढा, घरातील दारेसुद्धा नेऊन ती थोपवली, असा तो प्रसंग. त्या तो आमच्याकडच्या बोलीत सांगत होत्या. तिच्यात पोवारी आहे, मराठी आहे, हिंदीही आहे, आणि कोठे कोणती संपते हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी ऐकले, टिपणे केली आणि घरी येऊन पंधरा दिवस त्यावर परिश्रम घेतले. घनघोर मेघगर्जना, काळरात्र, प्रलयंकर जलौघ, ग्रामीण स्त्रीशक्तीचा साक्षात्कार, असे सर्व काही त्यात साधले होते. लेख चांगला उतरला असा माझा ग्रह झाला.

तो मी आजींना वाचून दाखवावयास नेला. त्यांनी हात जोडून, पोथी ऐकावी तसा शेवटपर्यंत ऐकला. मी थांबल्यावर त्यांनी विचारले, “गुरुजी, हे कोणत्या गावचं आहे?”

मी त्यांचाच प्रसंग असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांना संकोच वाटला. आपल्याकडूनच काही चुकले असे त्यांना वाटले असावे. “लई चांगलं आहे,” म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “पण दार तर माझ्या घरचं गेलं होतं. ते नाही आलं त्यात.” मी लेखात ‘द्वारेही अर्पण केली’ असे अनेकवचनी लिहिले होते. लग्नात बसवलेले ते सागाचे दार पाळीत गेले, सासऱ्यांनी नंतर वर्षभर तट्टा लावून काढले, आणि त्यावरून घरात बोलणे झाले, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते माझ्या टिपणातही होते. लेखाच्या उंचीला ते शोभत नाही म्हणून मी गाळले होते.

तो लेख मी कोठे पाठवला नाही. त्या उन्हाळ्याच्या सुटीत तुळपुळ्यांच्या आवृत्तीतील एकांक पुन्हा काढून बसलो. विद्यार्थिदशेत तो परीक्षेसाठी वाचला होता आणि रूक्ष वाटला होता. आता त्यातील प्रत्येक कोरडे वाक्य मला ओळखीचे वाटू लागले. येथे काहीतरी घालण्याचा मोह झाला असेल आणि तो आवरला असेल, असे वाक्यागणिक दिसू लागले. हे वाचन शास्त्रशुद्ध नाही हे मला मान्य आहे. तज्ज्ञांनी हसू नये एवढीच विनंती.

त्यानंतर मी एक मोठी वही केली आहे. डाव्या पानावर सांगणाऱ्याचे शब्द, त्याच्याच बोलीत, जसे कानाला येतात तसे, देवनागरीत. उजवे पान रिकामे ठेवतो. आजींचा प्रसंग डाव्या पानावर पुन्हा लिहिला, या वेळी दारासह. त्या पानावर जागा पुरली नाही, कारण दुसऱ्या खेपेस त्यांना आणखी पुष्कळ आठवले. त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटे एक आजोबा त्याच गावात आहेत. त्यांच्या मते दार आजींच्या घरचे नव्हतेच, ते पाटलांच्या गोठ्याचे होते, आणि पाळ रात्री नव्हे तर पहाटे फुटली. ते उजव्या पानावर लिहिले आणि वर ‘शोधु’ असा शब्द घातला. आजींना हे सांगितले तेव्हा त्या बऱ्याच रागावल्या; त्यांचे रागाचे बोलणेही नोंदले आहे. त्या रात्री पाळीवर असलेल्या आणखी एक बाई आता वारासिवनीला मुलीकडे राहतात असे कळते. ऐकू कमी येते म्हणतात, पण आठवण पक्की आहे. शाळेला दिवाळीची सुटी लागली की तिकडे जावयाचे ठरवले आहे.